मथळ्यातून गळालेला उंदीर

दर दोन-तीन महिन्यांनी देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये एक ठरावीक मथळा झळकतो. संस्थेचे नाव बदलते, कणाचे नाव बदलते, कधी सोन्याचा कण असतो, कधी ग्राफीन, कधी सिलिका, कधी पेप्टाइडचे जेल. वाक्याचा साचा मात्र तोच राहतो. भारतीय शास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या पेशींवर नेमका मारा करणारे नॅनोऔषध शोधले, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही, केमोथेरपीचे दुष्परिणाम आता इतिहासजमा होणार! खाली तिरंग्यांची आणि टाळ्यांची रांग लागते. दोन दिवसांत तीच बातमी कौटुंबिक गटांतून फिरत फिरत अशा एखाद्या घरी पोहोचते, जिथे कुणाचा तरी तिसरा केमो नुकताच पार पडलेला असतो. मग त्या घरातला मुलगा डॉक्टरांपुढे मोबाईल धरून विचारतो, ‘हे आपल्याकडे कधी मिळेल?’

ही बातमी सहसा खोटी नसते, आणि खरी अडचण तीच आहे. खोट्याचा समाचार घेणे सोपे असते. येथे प्रत्येक वाक्य कोठल्या तरी शोधनिबंधात सापडते. गळालेला असतो तो फक्त एक प्राणी, ज्याच्यावर हे सारे घडले. तो उंदीर.

एक ताजे उदाहरण घेऊ, आणि मुद्दाम चांगल्या कामाचे घेऊ. आयआयटी गुवाहाटी आणि कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म पेप्टाइडपासून एक जेल बनवले. त्यात डॉक्सोरुबिसिन हे जुने, नामांकित कर्करोगविरोधी औषध भरले आणि ते थेट गाठीत टोचले. कर्कपेशींत ग्लुटाथायोन हे संयुग अधिक प्रमाणात असते. त्याच्या संपर्कात जेल उकलते आणि औषध तेथल्या तेथे सुटते. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील प्रयोगात एकाच इंजेक्शनानंतर अठरा दिवसांत गाठ सुमारे ७५ टक्क्यांनी आटली. कल्पना सुरेख आहे, रसायनशास्त्र पक्के आहे आणि संशोधकांनी आपले काम उंदरांवर झाले हे लपवलेले नाही. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते अशा कामाची बातमी होताना जी गाळणी लावली जाते तिच्याशी. ७५ टक्के राहतात, अठरा दिवस राहतात, ‘क्रांतिकारक’ हे विशेषण नव्याने येऊन बसते आणि ‘उंदरांमध्ये’ हा एक शब्द आठव्या परिच्छेदात ढकलला जातो किंवा नाहीसाच होतो.

या एका शब्दाचे एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायला थोडे अंकगणित पुरते. प्रयोगशाळेतला उंदीर असतो वीस-पंचवीस ग्रॅमचा. त्याच्या अंगावर अर्ध्या ग्रॅमची गाठ वाढवली, तर ती त्याच्या वजनाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी होते. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हेच प्रमाण धरले, तर दीड किलोची गाठ होईल! शिवाय उंदराची ती गाठ दोन-तीन आठवड्यांत घाईघाईने वाढवलेली असते. तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या, सच्छिद्र आणि गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे मुरलेली असते. तिच्याभोवती तंतूंचे जाळे विणलेले असते, आतला दाब वाढलेला असतो आणि काही भागांत रक्त पोहोचतच नाही. तेव्हा उंदराच्या गाठीत पोहोचलेला कण माणसाच्या गाठीत पोहोचेलच असे मानणे म्हणजे गावच्या ओढ्यात पोहता आले म्हणून समुद्रात उडी घेण्यासारखे आहे.

आता मूळ सिद्धान्ताकडे वळतो, कारण ‘नेमका मारा’ या शब्दप्रयोगाचा उगम तेथेच आहे. १९८६ साली जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले की, विशिष्ट आकाराचे मोठे रेणू गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतात आणि तेथे लसिकेचा निचरा नीट होत नसल्याने साचून राहतात. त्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली. औषध एखाद्या शंभर नॅनोमीटरच्या डबीत भरा. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून ती बाहेर पडणार नाही, गाठीच्या फटीतून मात्र पडेल. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर भरते.) डबीवर आणखी एखादे प्रतिपिंड चिकटवले, तर ती कर्कपेशीचे दार ओळखून आत शिरेल. फळ्यावर काढलेल्या आकृतीत हे फार देखणे दिसते, आणि संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांतील रंगीत चित्रांत तर ते कण अगदी मार्गदर्शित क्षेपणास्त्रासारखे पेशीकडे झेपावत असतात.

प्रत्यक्षात काय घडते? टोरांटो विद्यापीठातील वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतील प्रसिद्ध संशोधन एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचले, मध्यक मूल्याने, ०.७ टक्के. शंभर कण सोडले तर एकही पुरता नाही! उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा यांनी गिळले, कारण रक्तात शिरलेल्या परक्या कणांना टिपणे हे त्या अवयवांतील भक्षक पेशींचे नित्याचे काम आहे. त्याच गटाने २०१८ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. टोचलेल्या कणांपैकी प्रत्यक्ष कर्कपेशीपर्यंत किती गेले? उंदरांतील त्या प्रयोगात, पेशी ओळखणारे रेणू चिकटवलेल्या कणांपैकीसुद्धा, दहा लाखांत चौदांपेक्षाही कमी. गाठीपर्यंत पोहोचलेले इतर बहुतेक कण तिथल्या तंतूंत अडकले किंवा गाठीतल्याच भक्षक पेशींच्या पोटात गेले. २०२० मध्ये तर त्यांनी असेही दाखवले की, ज्या ‘फटीं’वर सारा सिद्धान्त उभा होता त्या फार थोड्या असतात, जे कण आत जातात त्यांतील बहुसंख्य रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशीच स्वतः उचलून पलीकडे नेतात. म्हणजे चाळीसेक वर्षे आपण ज्या दाराबाहेर रांग लावून उभे होतो, ते दार मुख्य दार नव्हतेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ०.७ टक्के हा आकडा ऐकून नॅनोऔषधे निरुपयोगी ठरवणारेही अनेक भेटतात, आणि तेही घाईच करतात. साधे, मोकळे औषधसुद्धा शिरेतून दिल्यावर गाठीत फार थोडेच पोहोचते. म्हणून खरा प्रश्न किती टक्के पोहोचले हा नसून, जुन्या औषधाच्या तुलनेत रुग्णाच्या पदरात काय पडले, हा आहे. त्या प्रश्नाची उत्तरे आपल्याजवळ आहेत. ती तीस वर्षांच्या अनुभवातून आलेली आहेत आणि मथळ्यांपेक्षा कितीतरी शहाणी आहेत.

इस्रायलमधील बारेनहोल्ट्स आणि गाबिझोन यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले डॉक्सिल हे १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले नॅनोऔषध. आत तेच डॉक्सोरुबिसिन, बाहेर स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म वेष्टन म्हणजे लायपोसोम, आणि भक्षक पेशींना ते चटकन ओळखता येऊ नये म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध हृदयाच्या स्नायूला इजा करते. म्हणून आयुष्यात ते एकूण किती घेता येईल याला मर्यादा असते. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ५०९ स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या डॉक्सोरुबिसिनशी त्याची तुलना झाली. आयुर्मर्यादा दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली, एका गटात एकवीस महिने तर दुसऱ्यात बावीस. हृदयाला इजा होण्याचा धोका मात्र साध्या औषधाच्या गटात तिपटीहून अधिक होता. आणि ‘दुष्परिणाम नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावे की, लायपोसोमच्या गटात जवळपास निम्म्या स्त्रियांच्या तळहातांची आणि तळपायांची त्वचा लाल होऊन सोलवटली. हा त्रास दुसऱ्या गटात नावापुरताच होता. औषध हृदयापासून दूर राहिले खरे, पण रक्तात दीर्घकाळ फिरत राहिल्याने त्वचेत जाऊन बसले.

याला मी मोठे यश समजतो. हृदय वाचणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण हे यश ‘कर्कपेशीवर नेमका मारा’ केल्याचे नाही. ते औषधाची शरीरातील वाट बदलल्याचे यश आहे. पुढच्या औषधांचीही कहाणी अशीच आहे. २००५ साली आलेल्या अ‍ॅब्रॅक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाच्या कणांत बांधलेले असते. त्यामुळे एरंडेलापासून बनवलेला जो द्रावक रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी करीत असे, तो टळला आणि औषधाची मात्राही वाढवता आली. २०१५ मध्ये मान्य झालेल्या इरिनोटेकॅनच्या लायपोसोमने, पहिल्या उपचारानंतरही बळावलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात, नेहमीच्या औषधांसोबत दिल्यावर आयुष्य ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर नेले. २०१७ मधील व्हिक्सिऑसने रक्ताच्या कर्करोगाच्या एका कठीण प्रकारात वयस्क रुग्णांना ५.९५ ऐवजी ९.५६ महिने दिले. दोन महिने, साडेतीन महिने! ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला त्यांची किंमत कळते. परंतु ‘कर्करोगावर मात’ या दोन शब्दांत हे बसत नाही.

आणि ज्या कणांवर खरोखरच ‘पत्ता’ लिहिलेला होता, त्यांचे काय झाले? एमआयटीतील रॉबर्ट लँगर आणि हार्वर्डचे ओमिद फारोखजाद यांच्यासारख्या दिग्गजांच्या प्रयोगशाळांतून निघालेली बाइंड थेरप्युटिक्स ही कंपनी नेमक्या याच कल्पनेवर उभी होती. तिचा कण माणसांपर्यंत पोहोचला, चाचण्यांत अपेक्षेइतका उतरला नाही, आणि २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एचईआर-२ ग्राहक ओळखणारा मेरीमॅक कंपनीचा लायपोसोमही त्याच वर्षाच्या अखेरीस चाचणी अर्धवट सोडून थांबवावा लागला. मी वर ज्या यशस्वी औषधांची नावे घेतली, त्यांतल्या एकावरही पेशीचे दार ओळखणारे प्रतिपिंड चिकटवलेले नाही. आमच्या मथळ्यांतला ‘नेमका मारा’ करणारा प्रत्येक कण मात्र जणू हे अपयश घडलेच नाही अशा थाटात सादर होतो.

उंदीर नेमका कोण गाळतो? केवळ वार्ताहरांवर खापर फोडणे सोयीचे आहे, पण ते न्याय्य नाही. साखळी लांब आहे. शोधनिबंधात ‘इन व्हिवो’ असते. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात त्याचे ‘प्राण्यांवरील प्राथमिक प्रयोग’ होते. वृत्तसंस्थेच्या बातमीत ‘प्रयोगांत सिद्ध’ होते. संकेतस्थळाच्या मथळ्यात ‘सिद्ध’ एवढेच उरते. प्रत्येक पायरीवर एकेक शब्द सांडतो आणि कुणीच खोटे बोललेले नसते! पहिली पायरी सर्वाधिक जबाबदार आहे असे माझे मत आहे, कारण तेथे माणसाला सत्य पूर्णपणे ठाऊक असते. संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला क्रमवारी हवी असते, मंत्रालयाला वर्षअखेरच्या अहवालासाठी ‘यशोगाथा’ हवी असते, संशोधकाला पुढचे अनुदान हवे असते. २०२४च्या आरंभी टाटा रुग्णालयातून बाहेर आलेल्या ‘शंभर रुपयांच्या गोळी’ची आठवण ताजी आहे. ती नॅनोकणांची गोष्ट नव्हे, रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणाची होती; पण धडा तोच आहे. मुख्यतः उंदरांवरील प्रयोग आणि माणसांवरील काही छोट्या अभ्यासांच्या बळावर ‘कर्करोग पुन्हा होणार नाही’ अशा बातम्या देशभर फिरल्या, आणि अनेक कर्करोगतज्ज्ञांना जाहीरपणे आक्षेप घ्यावा लागला. तो आक्षेप किती घरांत पोहोचला?

‘अशी टीका म्हणजे भारतीय विज्ञानाचे खच्चीकरण’ हा आक्षेप मला अपेक्षित आहे. उलट माझी तक्रार अशी आहे की, ज्यांचे खरोखर कौतुक व्हायला हवे होते त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. दिल्ली विद्यापीठातील बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटांनी लायपोसोममधील अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध भारतात विकसित केले, रुग्णांवर तपासले आणि त्यातून फंगीसोम बाजारात आले. ते बुरशीविरोधी औषध आहे, कर्करोगावरचे नव्हे; पण तंत्र तेच, विषारी औषधाला स्निग्ध वेष्टनात गुंडाळून मूत्रपिंड वाचवण्याचे. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या साथीत ज्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक दारोदार फिरले, केंद्र सरकार राज्यांना कुप्या मोजून देत होते, ते नॅनोऔषधच होते. तेव्हा कोणत्या वाहिनीने सांगितले की, हे तंत्र आपल्याच देशातील एका सार्वजनिक रुग्णालयात आणि एका सार्वजनिक विद्यापीठात घडवले गेले आहे?

आणखी एक उदाहरण. २००७ साली डाबर फार्माने ‘नॅनोक्सेल’ बाजारात आणले. पॉलिमरच्या नॅनोकणांतील पॅक्लिटॅक्सेल, त्या एरंडेलजन्य द्रावकाविना. मुळाशी दिल्ली विद्यापीठातील अमरनाथ मैत्रा यांचे संशोधन होते. विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या शिरेपर्यंतचा प्रवास भारतातच पुरा झाला. पुढच्याच वर्षी ती कंपनी जर्मनीच्या फ्रेझेनियस काबीने घेतली. किंवा २०१२ साल घ्या. डॉक्सिल बनवणारा ओहायोतील कारखाना बंद पडला होता, अमेरिकेत औषधाचा दुष्काळ पडला होता, आणि तेथील औषध प्रशासनाने सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ आयात करू दिले. पुढच्या वर्षी डॉक्सिलच्या पहिल्या जेनेरिक प्रतीला जी मान्यता मिळाली, तीही सन फार्मालाच. लायपोसोमची हुबेहूब नक्कल करणे किती कठीण असते हे ज्याला माहीत आहे, त्याला या घटनेचे मोल कळेल. वेष्टनाची जाडी, कणांच्या आकारातील सारखेपणा, आत औषध स्फटिकरूपाने कसे बसले आहे, ते किती वेगाने सुटते, यांतले काहीही थोडे बिघडले तर औषध रासायनिकदृष्ट्या तेच असूनही शरीरात वेगळे वागते. या कारागिरीवर मथळे होत नाहीत. कारण त्यात ‘चमत्कार’ नाही, नुसती शिस्त आहे.

आता पैशाकडे. २००७ मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ सुरू केले. त्यातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, मोहालीसारख्या ठिकाणी स्वतंत्र संस्था आली, हजारो तरुण या क्षेत्रात शिरले, आणि नॅनोविषयक शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगातील पहिल्या काही देशांत जाऊन बसला. ही कमाई आहेच. पण या निबंधांच्या ढिगाऱ्यातून कर्करोगाच्या रुग्णापर्यंत पोहोचलेली, येथेच कल्पिलेली आणि येथेच सिद्ध झालेली औषधे मोजायला हाताची बोटे पुरतील. असे का होते? उंदरानंतरचे काम कुणाचेच नसते, म्हणून. पीएचडीचा विद्यार्थी निबंध छापून निघून जातो. प्रयोगशाळेत काचेच्या चंचुपात्रात बनलेला कण कारखान्यात शंभर लिटरला तसाच बनेल याची खात्री कोण करणार? दोन जातींच्या प्राण्यांवर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत विषपरीक्षा कोण करणार, त्याचे पैसे कोण देणार? तो कण महिनाभर कपाटात ठेवल्यावर गुठळ्या धरतो की नाही, हे कोण पाहणार? यातून एकही ‘उच्च प्रभावा’चा निबंध निघत नाही, म्हणून अनुदानही निघत नाही. संशोधन-विकासावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करणाऱ्या देशात पहिल्या पायरीलाच इतकी गर्दी आहे की दुसरी पायरी बांधायचीच राहिली.

कायदा येथे आडवा येतो असेही म्हणता येत नाही. २०१९च्या नव्या औषधे व चाचण्यांविषयक नियमांनुसार नवी औषधवाहक प्रणाली ही कायमच ‘नवे औषध’ समजली जाते. इतर बहुतेक औषधांचे नवेपण चार वर्षांनी संपते, हिचे संपत नाही. म्हणजे जुन्या औषधाला नवी डबी लावून मागच्या दाराने आत येता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. कागद चांगला आहे. पण ज्याला औषध म्हणायचेच नाही, त्याच्यापुढे तो हतबल आहे, आणि मथळ्यांची खरी फळे चाखतो तो नेमका हा दुसरा बाजार.

‘नॅनो हळद’, ‘नॅनो कर्क्युमिन’, नॅनो अमुक आणि नॅनो तमुक. ही उत्पादने पूरक आहार म्हणून विकली जातात, वेष्टनावर ‘रोग बरा करते’ असे लिहिलेले नसते, आणि विक्रेता तोंडाने जे सांगतो त्याची कोठे नोंद होत नाही. आयआयटीची बातमी आणि ही बाटली मोबाईलवर एकाच पडद्यावर, एकाखाली एक दिसतात. गरजू माणूस दोन्हींमधले अंतर विसरला, तर दोष त्याचा कसा? याच्या शेजारीच आणखी एक दावा बसलेला असतो: सुवर्णभस्मात नॅनोकण सापडले, म्हणून आमच्या पूर्वजांकडे नॅनोऔषधे होती. काही भस्मांत त्या आकाराचे कण आढळतात हे खरे. पण मेणबत्तीच्या काजळीतही ते आढळतात! आकार म्हणजे गुण नव्हे. कण कितीचा आहे यावरून तो औषध ठरत नाही. कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, कशाच्या तुलनेत, कोणता लाभ झाला यावरून ठरतो, आणि ही कसोटी आयआयटीच्या कणाला जितकी लागू आहे तितकीच भस्मालाही.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे चौदा लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे नऊ लाख माणसे त्याने दगावली. यांतील कितीतरी जण उशिरा आलेले असतात. कितीजण उपचार मध्येच सोडतात, पैशाअभावी, प्रवासाअभावी, आणि ‘काहीतरी नवे येते आहे, तोवर हा केमो कशाला’ या आशेपोटीसुद्धा. शेवटच्या कारणाची आकडेवारी माझ्यापाशी नाही आणि मी ती घडवणारही नाही. पण कोणत्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसावे. तेथे मोबाईलवरच्या बातम्या ज्या हातांनी एकमेकांना दाखवल्या जातात, ते हात पाहिले की ‘प्रेरणादायी विज्ञानवार्ता’ हा शब्द तोंडातून निघत नाही. २०१९च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ४२ कर्करोगविरोधी औषधांच्या व्यापारी नफ्यावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि काही ब्रँडच्या किमती ८५ टक्क्यांपर्यंत उतरल्या. त्या एका आदेशाने जितक्या रुग्णांपर्यंत औषध पोहोचवले असेल तितके बहुधा कोणत्याही नॅनोकणाने भारतात अजून पोहोचवलेले नाही. ‘औषध पोहोचवणे’ याचा हाही एक अर्थ आहे, आणि आपल्या विज्ञानवार्तांना तो सुचत नाही.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत जाणे आपल्याला अशक्य आहे, असे मात्र नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तोही नॅनोचा विषय नव्हे, त्याची किंमतही लाखांत मोजावी लागते. पण तेथे प्रयोगशाळा, रुग्णालय आणि कंपनी एका टेबलाशी बसली; माणसांवरच्या चाचण्या झाल्या, आणि मग मान्यता आली. पुण्याच्या जिनोव्हाने २०२२ मध्ये स्निग्ध नॅनोकणांत बांधलेली एमआरएनए लस आणीबाणीच्या मान्यतेपर्यंत नेली. वाट आहे. तिच्यावर चालणारे थोडे आहेत, इतकेच.

तेव्हा मागणी मोठी नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत, मथळ्यातच शक्य असेल तर उत्तम, लिहावे: पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि कशाच्या तुलनेत. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाने हा नियम आपल्या संस्थांना एका परिपत्रकाने लावता येतो. त्याला ना कायदा लागतो ना निधी. मंत्रालयाने हेही जाहीर करावे की, गेल्या पंधरा वर्षांत ज्या ज्या कर्करोगविषयक ‘शोधां’ची प्रसिद्धिपत्रके निघाली, त्यांतील किती आज माणसांवरील चाचणीत आहेत. आणि कर्करोगाच्या औषधांपैकी जी पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीपर्यंत पोहोचतात, त्यांतीलही शंभरात सुमारे पाचच शेवटी बाजारात येतात, हा जागतिक अनुभव प्रत्येक विज्ञानवार्ताहराच्या टेबलावर चिकटवलेला असावा.

वाचकांच्या हातातही एक साधन आहे आणि ते विनामूल्य आहे. भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून चालू आहे आणि १५ जून २००९ पासून देशात माणसांवर होणारी औषधचाचणी तेथे आधी नोंदवणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की त्या संकेतस्थळावर जावे आणि शोधचौकटीत औषधाचे किंवा संस्थेचे नाव घालावे. चाचणी चालू असेल तर कोणत्या टप्प्याची, कोणत्या शहरांत, कोणत्या रुग्णांसाठी, संपर्क कोणाशी साधायचा, हे सारे तेथे दिसेल, आणि घरात रुग्ण असेल तर ती नोंद छापून आपल्या डॉक्टरांकडे न्यावी. काहीच दिसले नाही, तर ते औषध अजून उंदराकडेच आहे असे समजून ठरलेल्या तारखेला पुढच्या केमोसाठी जावे.